सहा फुटी फोल्डिंग रॅम्प: दीड वर्ष वापरून झाल्यावर

व्हीलचेअर पायरीवरून चढवायचा हा रॅम्प ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला होता, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं की कसा आहे, घ्यावा का, किती फुटी घ्यावा, प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. मोठं होईल, कारण रॅम्पबद्दल लिहायचं म्हणजे तो लावून मी कुठे कुठे गेले तेही आलंच, आणि खरं तर तेच सांगायचंय.

वस्तू अशी आहे. अॅल्युमिनियमचा, सूटकेससारखा मधोमध घडी होणारा, बाजूला धरायला हँडल, उघडला की सहा फूट लांब आणि साधारण अडीच फूट रुंद. वरच्या टोकाला एक पट्टी आहे ती पायरीवर बसते, खालच्या टोकाला तशीच एक जमिनीला टेकते, आणि सगळ्या पृष्ठभागावर सँडपेपरसारखी खरखरीत पट्टी चिकटवलेली. वजन पंधरा किलो. इंदूरच्या दवा बाजारात एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून साडेसोळा हजाराला घेतला, दुकानदार चांगला माणूस होता, "दीदी, पहले चला के देख लो, फिर पैसे" म्हणाला आणि दुकानाच्याच ओटल्यावर लावून दाखवला, मी दोनदा वर-खाली गेले तोवर बाहेर लोक थांबले होते आणि तो त्यांना शांतपणे दुसऱ्या बाजूने या म्हणत होता. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळतो पण ही वस्तू वापरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

मला लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायात. पंचवीस-तीस वर्षं कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्यांवर काढली, मग खांदे गेले, आता सात वर्षं व्हीलचेअर. साधी हातानी ढकलायची, बॅटरीची नाही. हे सांगायचं कारण म्हणजे खालचे सगळे अनुभव अशा खुर्चीचे आहेत, बॅटरीवाली जड असते, तिचा हिशोब वेगळा.

घेतला का ते सांगते. १३ मे २०२४ ला इंदूरला लोकसभेचं मतदान होतं. ती निवडणूक बाकी सगळ्यांना नोटामुळे, म्हणजे 'यापैकी कोणीही नाही' या बटणामुळे, लक्षात आहे, आमच्याकडे नोटालाच २ लाख १८ हजारांवर मतं पडली होती, पण माझ्या लक्षात वेगळंच राहिलं. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा माणूस, आधी घरी येऊन विचारून गेला होता की ताई, बारा-डी फॉर्म भरता का, घरीच मत घेऊन जाऊ, कारण त्या वर्षी पहिल्यांदा देशभर लोकसभेला ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत द्यायची सोय झाली होती. शेजारच्या आजोबांनी भरला, त्यांच्या पलंगापाशी टीम येऊन मत घेऊन गेली, फार बरं झालं त्यांचं. मी नाही म्हणलं, मला जायचं होतं. गेले, शाळेत सिमेंटचा नीट रॅम्प, दोन मुलं मदतीला, मशीनवर बटणांशेजारी ब्रेल आकडे, माझ्या मैत्रिणीला दिसत नाही तिने ते बोटांनी वाचून स्वतः बटण दाबलं, दहा मिनिटांत बाहेर. काहीही तक्रार नाही. मनापासून सांगते, सोय चांगली होती.

आणि बाहेर आल्यावर एकदम वाटलं की पाच वर्षांतून हे एक-दोन दिवस माझ्यासाठी उतार तयार असतो. मी मत दिलं त्या माणसाला भेटायचं झालं तर? मला स्वतःलाच उभं राहायचं झालं तर? आमच्या वॉर्डातल्या कार्यालयात मी एकदाही आत गेले नव्हते. आमच्या रहवासी संघाच्या स्टेजवर मी एकदाच गेले होते, ते दोघांनी खुर्चीसकट उचलून नेलं म्हणून. सोफा हलवतात तसं, एक म्हणतोय "सांभाळ सांभाळ, उजवीकडे", आणि मी हातात भाषणाचा कागद धरून हवेत. खाली सगळे ओळखीचे लोक बघतायत. वर गेल्यावर काय बोलले ते मला आजही आठवत नाही. त्यांची चूक काहीच नव्हती, प्रेमानेच उचललं होतं, पण त्यानंतर तीन वर्षं मी खालूनच माइक मागून घेत होते.

तर आता रॅम्प कसा चालतो ते.

एक पायरी, पाच-सहा इंच: उत्तम, याच्यासारखं काही नाही. नियम असा की एक इंच चढायला बारा इंच उतार पाहिजे, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला बरोबर सहा फूट. मी एकटी, कोणाचाही हात न लावता चढते. बँक, किराणा दुकान, दाताचे डॉक्टर, वहिनीचं माहेर, सगळं होतं.

दोन पायऱ्या, बारा ते चौदा इंच: मागून एक माणूस पाहिजेच. एकटीने अजिबात प्रयत्न करू नका, खुर्ची मागे उलटते. मला भाच्याने दोनदा धरलंय.

तीन पायऱ्या किंवा दीड फुटाचं स्टेज: नाही. कोणी कितीही म्हणो की होतं, नाही होत. दीड फुटाला अठरा फूट उतार लागतो, आपल्याकडे सहा आहे. चार फुटात एक फूट चढायचं म्हणजे भिंत चढल्यासारखंच आहे.

तक्रारी पण सांगते. मधल्या बिजागरीपाशी बारीक खाच आहे, खुर्चीची पुढची लहान चाकं तिथे अडकतात, थोडा जोर लावून जावं लागतं आणि वरून उतरताना ती खाच लक्षात ठेवावी लागते. चार महिन्यांत एक नट ढिला झाला, खडखड वाजायला लागलं, भाच्याने नायलॉक नट लावून दिला तेव्हापासून गप्प आहे. मे महिन्यात उन्हात पाच मिनिटं ठेवला तरी कडा इतक्या तापतात की हात लावता येत नाही, जुनी चादर बरोबर ठेवा. पावसात मात्र पकड सुटत नाही, हे कंपनीने खरंच चांगलं केलंय. पंधरा किलो म्हणजे व्हीलचेअरवरची बाई स्वतः उचलून लावू शकत नाही हे उघड आहे, म्हणजे स्वतंत्र जायचं तर त्यासाठीही सोबत कोणीतरी लागतंच, हे दुःख आहे, आणि याला रॅम्प बनवणाऱ्यांकडे उत्तर नाही, पायरी बांधणाऱ्यांकडे आहे.

आता वॉर्डाच्या कार्यालयाची गोष्ट. नालीवर फरशी, मग दोन पायऱ्या, मग शटर. इतकी वर्षं माझं काम असं व्हायचं की मी बाहेर रस्त्यावर थांबायची, आतून कोणीतरी यायचं, "हो ताई, बोला ताई" करून अर्ज घ्यायचं, कधी पार्षद, म्हणजे नगरसेवक, स्वतः बाहेर यायचे, स्कूटरला टेकून दोन मिनिटं बोलायचे, अगदी आदराने. मला वाटायचं यापेक्षा जास्त काय पाहिजे, आपल्यासाठी माणूस उठून बाहेर येतो. रॅम्प घेतल्यावर पहिल्या महिन्यातच भाच्याला घेऊन गेले, त्याने लावला, मागून ढकललं, आणि मी आत. आत एक टेबल, वर काच, काचेखाली देवाचे फोटो आणि जुनी कॅलेंडरं. चार-पाच खुर्च्या. चहा आला. आणि समोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेली एक यादी, वॉर्डात त्या वर्षी होणार असलेली कामं, कोणती गल्ली, कोणती ड्रेनेज लाइन, किती रुपये, पेनाने काही ठिकाणी बरोबरच्या खुणा. आमची गल्ली त्यात नव्हती. मी तीन वर्षं बाहेर उभी राहून ज्या गल्लीचा अर्ज देत होते ती यादीत नव्हतीच, आणि आत येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत होतं. शेजारच्या खुर्चीवर बसलेले काका यादीकडे बघत सहज म्हणाले की पुढच्या यादीसाठी आत्ताच सांगायचं असतं, नंतर काही होत नाही. ही एवढी साधी गोष्ट मला कोणी कधी सांगितली नव्हती. लपवायची म्हणून नाही, ती गोष्ट बाहेर रस्त्यावर बोलायची नव्हतीच, ती आत चहा पिताना बोलायची होती.

त्या दिवशी घरी येऊन मी रहवासी संघाच्या निवडणुकीला उभी राहायचं ठरवलं. सचिव पदासाठी.

थोडं विषयांतर होतंय पण सांगते. आमचे बाबा वीज मंडळात होते आणि माझ्या जन्माआधी त्यांची बदली रीव्याला होती. ते नेहमी यमुनाप्रसाद शास्त्रींबद्दल सांगायचे. गोवा मुक्तिसंग्रामात पोर्तुगीजांच्या छळात डोळ्यांना इजा झाली, पुढे दृष्टी गेली, आणि त्यानंतर हा माणूस १९७७ मध्ये रीव्यातून लोकसभेला उभा राहिला तो थेट रीव्याच्या महाराजांच्या समोर, आणि निवडून आला. १९८९ ला परत आला. म्हणजे आपल्याच मध्यप्रदेशात हे झालंय. त्याच्याही आधी १९५३ मध्ये कलकत्त्यातून साधन गुप्त पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेले होते, त्यांनाही दिसत नव्हतं, मोठे वकील. आणि जयपाल रेड्डी तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेत, पोलिओ, कुबड्या, आणि तरी केंद्रात मंत्री. मला लहानपणी कॅलिपर घालायचा कंटाळा आला की बाबा जयपाल रेड्डींचा पेपरातला फोटो दाखवायचे. नावं आहेत, पण बघा ना, सत्तर वर्षांतली नावं मी एका दमात मोजतेय. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. त्या हिशोबाने लोकसभेच्या ५४३ मध्ये १२ जण पाहिजेत. इंदूर महापालिकेच्या ८५ वॉर्डांतून निदान एक-दोन पाहिजेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मतदान केंद्र आमच्यासाठी सुगम असलं पाहिजे असं कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलंय, म्हणूनच त्या शाळेत रॅम्प होता. सरकारी नोकऱ्यांमध्ये ४ टक्के आरक्षणही त्याच कायद्यात आहे. पण निवडून येण्याच्या जागी काही नाही. उलट जुने कायदे तर दार बंद करणारे होते, ओडिशात एका निवडून आलेल्या नगरसेवकाचं पद त्याला कुष्ठरोग होता म्हणून गेलं आणि २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते जाणं बरोबर ठरवलं. अलीकडे थोडं बदलतंय. आपल्यातूनच वेगळ्या झालेल्या छत्तीसगडने पंचायतींमध्ये दिव्यांग सदस्याची तरतूद केली, तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये पंचायत आणि नगरपालिका दोन्हीकडे दिव्यांग सदस्य नेमायचा कायदा विधानसभेत पास केला. चांगलंच आहे, पण नगरपालिकेत नेमलेल्या सदस्याला मत देता येत नाही, आपल्याकडे महापालिकेत नेमलेले एल्डरमन असतात तसंच. आत खुर्ची मिळते, बोलता येतं, हात वर करता येत नाही. माझं म्हणणं आहे की खुर्ची पण द्या आणि हात पण वर करू द्या.

आमच्या कॉलनीतल्या एका काकांना हे बोलले तर ते म्हणाले, अगं आरक्षण दिलं तर नावाला अपंग माणूस उभा करतील आणि कारभार घरचे करतील. मी म्हणलं काका, बायकांना आपल्याकडे स्थानिक निवडणुकांत ५० टक्के जागा दिल्या तेव्हा पण लोक हेच म्हणत होते. होतंही तसं काही ठिकाणी. पण त्याच जागांवरून किती बायका शिकल्या, दुसऱ्यांदा स्वतःच्या नावावर उभ्या राहिल्या, तेही आपण बघतोयच की. काका काही बोलले नाहीत, पण नंतर माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही त्यांनीच केली.

परत रॅम्पवर येते. निवडणुकीच्या सभेत प्रत्येक उमेदवाराने स्टेजवर येऊन तीन मिनिटं बोलायचं असतं. स्टेज दीड फुटाचं. मी आदल्या आठवड्यात संध्याकाळी हॉलमध्ये जाऊन हा रॅम्प लावून बघितला, वर लिहिलंय तसं, नाही झालं, भाचा आणि त्याचा मित्र दोघं मागे असूनही पुढची चाकं उचलली गेली आणि माझ्या छातीत धस्स झालं. मग संघाच्या पदाधिकाऱ्यांना सांगितलं की उचलून न्यायचं नाही, उतार पाहिजे. एकजण म्हणाला ताई, तुम्ही खालूनच बोला, आम्ही सगळ्या उमेदवारांना खालीच बोलवतो. हे ऐकायला चांगलं वाटतं, मलाही क्षणभर वाटलं की जाऊ दे. पण मग विचार केला की सचिव झाले तर वर्षभर बसणार कुठे, सगळी कमिटी स्टेजवर आणि सचिव खाली? मी नाही म्हणलं.

शेवटी टेंटहाऊसवाल्याने सोडवलं. त्याला मी बारा फुटाला एक फूट हा हिशोब सांगितला, तो म्हणाला "भिया, ये तो हॉल के बाहर निकल जाएगा", मग स्वतःच पट्टी घेऊन मोजलं, आणि नऊ फूट उतार, मग पाच बाय पाचचा सपाट चौक, तिथे वळून परत नऊ फूट, असं प्लाय आणि लोखंडी घोड्यांवर बांधून दिलं. दोन्ही बाजूंना दोन इंचाची कड, चाक घसरू नये म्हणून, ते मी सांगितलंही नव्हतं, त्याने आपल्या मनाने लावली. वर सतरंजी टाकत होता ती मात्र काढायला लावली, सतरंजीत चाक रुततं. अठराशे रुपये भाडं. सभेच्या दिवशी मी एकटी चढले. कोणी मागे नव्हतं. मधल्या चौकात एकदा दम खायला थांबले, हॉल शांत होता, मग वर गेले. माझ्यानंतर दोन आज्या पण त्याच उताराने वर आल्या, पायऱ्या नको म्हणून.

मी तीन मिनिटांत एकच मुद्दा मांडला. मेंटेनन्स घरामागे सारखा घेतात तो प्लॉटच्या आकाराप्रमाणे घ्यावा, कारण सहाशे फुटाच्या घरातल्या पेन्शनरने आणि तीन हजार फुटाच्या बंगल्याने बोअरिंगच्या मोटरचं बिल सारखं भरावं हे मला पटत नाही. आणि भांडण सुरू झालं. खरंखुरं. मोठ्या प्लॉटवाले एक गृहस्थ उभे राहून तावातावाने म्हणाले की हे साफ चूक आहे, आमच्या घरात माणसं दोनच आहेत, पाणी आम्ही कमी वापरतो, तुम्ही अभ्यास न करता बोलताय. मी उत्तर दिलं, त्यांनी परत उत्तर दिलं, आवाज चढले, अध्यक्षांना मध्ये पडावं लागलं. घरी येताना वहिनी काळजीने म्हणाली, फार बोलले गं ते तुला. आणि मी इतकी आनंदात होते की तिला समजावता येईना. आयुष्यभर लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत आलेत, हो ताई, बरोबर आहे ताई. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा भर सभेत कोणीतरी माझं म्हणणं चूक आहे म्हणून माझ्याशी भांडलं.

चौदा मतांनी हरले. ज्यांनी मला मत दिलं नाही त्यातल्या बऱ्याच जणांनी ते मेंटेनन्सच्या मुद्द्यावरून दिलं नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. पुढच्या वेळी परत उभी राहणार आहे, तो मुद्दा थोडा बदलून, माणसं आणि प्लॉट दोन्ही धरून, कारण त्या गृहस्थांच्या बोलण्यात तथ्य होतं. आणि वॉर्डाच्या नव्या यादीत आमची गल्ली आलीये, खिळ्यावरच्या कागदावर मी स्वतः बघितली.

आता घ्यायचा की नाही. घरात व्हीलचेअर असेल आणि रोज लागणाऱ्या जागी एकच पायरी असेल तर नक्की घ्या, सहा फुटीच घ्या. चार फुटी हलका आहे, गाडीच्या डिकीत सहज जातो म्हणून दुकानदार तो दाखवतात, पण तो चार इंचाच्या वर कामाचा नाही आणि आपल्याकडे चार इंचाची पायरी कोण बांधतं. घेताना आपल्या खुर्चीची मागची चाकं बाहेरून बाहेर मोजून न्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जागा सुटली पाहिजे. बिजागरीवरून पुढची चाकं स्वतः नेऊन बघा. खालची पट्टी जमिनीला पूर्ण टेकते का बघा. स्टेजसाठी, सभेसाठी, हा घेऊ नका, टेंटवाल्याला बारा फुटाला एक फूट सांगा आणि मधे चौक ठेवायला सांगा, ते लोक मांडव बांधतात, त्यांना सगळं येतं.

आणि इंदूरातल्या कोणाला एखाद्या दिवसासाठी हवा असेल तर माझा घेऊन जा, भाडं नको. लग्नाला द्यायचीही ना नाही, पण वॉर्डाच्या कार्यालयात जायचं असेल, पक्षाच्या बैठकीला जायचं असेल, पुढच्या महापालिकेला उमेदवारीचा अर्ज भरायचा असेल तर त्याचा नंबर पहिला. फक्त आदल्या दिवशी सांगा, नट घट्ट करून ठेवते, आणि उन्हाळ्यात नेणार असाल तर चादर बरोबर न्या.